नावाची पाटी आणि पोर्टचा आकडा

फायरवॉलच्या यादीत पोर्टचे नाव दिसावे की आकडा, हा प्रश्न वरवर पाहता फक्त संगणकवाल्यांचा वाटतो. मला तो तसा वाटत नाही. परभणीच्या मोंढ्यातल्या अडत दुकानात टॅली चालते, जिंतूर-सेलूकडच्या शाळेत कॅमेरे बसलेत, गंगाखेडच्या दवाखान्यात रुग्णांची नोंद संगणकावर होते. या प्रत्येक ठिकाणी एक राउटर आहे, त्यात एक फायरवॉल आहे, आणि कोण आत येऊ शकतो याची एक यादी आहे. ती यादी वाचणारा माणूस बहुतेक वेळा आपल्याच गल्लीतला, महिन्यातून एकदा येणारा तरुण असतो. त्याला यादीत काय दिसते यावर आपला हिशेब, आपली चित्रफीत आणि आपल्या आजारांची माहिती सुरक्षित राहते की नाही हे ठरते. म्हणून माझे मत आधीच सांगून टाकतो. यादीने आकडा दाखवावा. नाव ज्याला हवे त्याने मागून घ्यावे, आणि तेही आकड्याच्या शेजारी.

ज्यांना पोर्ट म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. संगणकाला एक पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर ० ते ६५५३५ अशा क्रमांकांच्या खिडक्या असतात. तहसील कार्यालयात जशा खिडकी क्रमांक १, २, ३ असतात, तशाच. वेबसाइट साधारणपणे ८० किंवा ४४३ क्रमांकाच्या खिडकीवर मिळते, निघालेली ईमेल २५ वर जाते, दुसऱ्या संगणकावर दुरून काम करायचे असेल तर २२. फायरवॉल म्हणजे दारावरचा पहारेकरी. कुठल्या खिडकीपर्यंत कुणाला जाऊ द्यायचे, हे त्याला सांगून ठेवलेले असते.

आता महत्त्वाची गोष्ट. पहारेकऱ्याला फक्त आकडे कळतात. जाळ्यातून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर आकडाच लिहिलेला असतो, नाव कुठेच नसते. मग ‘एसएसएच’, ‘एचटीटीपी’, ‘मायएसक्यूएल’ ही नावे पडद्यावर येतात कुठून? ती त्या संगणकातल्याच ‘सर्व्हिसेस’ नावाच्या एका साध्या मजकूर फाइलमधून येतात. लिनक्सवर ती ‘ईटीसी’ या फोल्डरात असते, विंडोजवर ‘सिस्टम ३२’ च्या आत ‘ड्रायव्हर्स’ आणि त्यातल्या ‘ईटीसी’ मध्ये. यादी छापण्याआधी ते साधन फाइल उघडते, आकड्यासमोर कुठले नाव आहे ते बघते आणि आकडा झाकून नाव छापते. त्या खिडकीमागे प्रत्यक्षात कोण बसले आहे, हे ते बघतच नाही. भिंतीवर रंगवलेला खिडकी क्रमांक आणि खिळ्याला अडकवलेली पाटी, यांतली पाटी वाचून ते मोकळे होते. पाटी दहा वर्षांपूर्वीची असली तरी त्याला फरक पडत नाही.

मराठवाड्यातल्या माणसाला हा फरक वाहनांच्या नंबरांवरून लवकर कळेल. एमएच २० औरंगाबाद, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २५ उस्मानाबाद. गंमत अशी की पोर्टच्या दुनियेतही हेच आकडे ओळीने मानाचे आहेत. २० आणि २१ वर फाइलींची देवाणघेवाण, २२ वर एसएसएच, २३ वर टेलनेट, २५ वर ईमेल. आता पाहा, २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले आणि उस्मानाबादचे धाराशिव. नामांतराबद्दल कुणाचे मत काहीही असो, गाड्यांवरचे २० आणि २५ जागचे हलले नाहीत. नाव हे मंत्रालयातून, मोर्चातून, लोकांच्या तोंडातून बदलत राहते. आकडा रस्त्यावर तसाच पळत असतो. दुसरी गोष्ट, एमएच २२ ची गाडी दिसली म्हणून ती आज परभणीतच आहे किंवा परभणीकरच चालवतो आहे असे आपण म्हणत नाही. ती परभणीत नोंदवलेली आहे, एवढेच म्हणतो. पोर्टचेही तेच आहे. २२ हा क्रमांक एसएसएचसाठी नोंदवलेला आहे. आज तिथे कोण बसले आहे, हे वेगळे तपासावे लागते.

ही नोंदणी कुणी केली, तेही जाणून घेण्यासारखे आहे. १९७२ मध्ये जॉन पोस्टेल या तरुण संशोधकाने सुचवले की असे क्रमांक वाटण्यासाठी एकच जबाबदार माणूस असावा. पुढे ते काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतले आणि १९९८ मध्ये मृत्यू येईपर्यंत सांभाळले. त्यांच्याबरोबर जॉइस रेनॉल्ड्स या बाईही होत्या. १९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू युलेनेन यांनी एसएसएच लिहिले. एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३ यांच्यामधला २२ रिकामा होता, तो त्यांनी ईमेल पाठवून मागितला आणि रेनॉल्ड्स यांनी तो दिला. आज हे दफ्तर आयाना या संस्थेकडे आहे. दफ्तर प्रामाणिक आहे, उपयोगीही आहे. पण ते जन्मनोंदीचे दफ्तर आहे. त्यावरून आज कोण कुठे राहतो हे कळत नाही.

आता नावामुळे नेमके काय बिघडते ते पाहू.

पहिला प्रकार, चोराला मिळालेले प्रतिष्ठित नाव. मेटास्प्लॉइट हे संगणकात शिरकाव करून पाहण्याचे जगप्रसिद्ध साधन. तपासणी करणारे ते वापरतात आणि चोरही वापरतात. शिरलेल्या संगणकाकडून परत फोन यावा म्हणून त्यात आधीपासून भरून ठेवलेला क्रमांक ४४४४ आहे. आयानाच्या नोंदीत ४४४४ समोर नाव आहे ‘केआरबी५२४’. हे नाव कर्बेरॉस या ओळख पटवणाऱ्या व्यवस्थेशी संबंधित आहे. म्हणजे चालू जोडण्यांची यादी नावांनिशी पाहिली, तर चोर सुरक्षारक्षकाचा गणवेश घालून उभा दिसतो. आकडा दिसला असता तर थोडाफार अनुभव असलेला कुणीही ४४४४ पाहून खुर्चीत सरळ बसला असता.

दुसरा प्रकार बरोबर उलटा, रक्षकाला मिळालेले चोराचे नाव. एनमॅप हे जाळे तपासण्याचे साधन स्वतःची वेगळी नावयादी बाळगते. त्यात १२३४५ समोर ‘नेटबस’ असे नाव आहे. नेटबस हा नव्वदच्या दशकातला कुप्रसिद्ध घुसखोर प्रोग्राम. पण हाच क्रमांक ट्रेंड मायक्रो कंपनीचा ऑफिसस्कॅन हा अँटिव्हायरसही वापरत असे. नुसते नाव वाचणारा माणूस पहारेकऱ्यालाच हाकलायला निघेल.

हा दुसरा प्रकार समजायला माझ्यासारख्या माणसाला संगणक लागत नाही. भाड्याची खोली बघायला गेल्यावर नाव सांगताच समोरच्याचा आवाज कसा बदलतो, हे आमच्यातल्या बहुतेकांनी ऐकलेले आहे. नावावरून निवाडा करणारा माणूस दुष्टच असतो असे नाही. तो बहुधा आळशी असतो. नाव कळले की त्याला वाटते, आता चौकशीची गरज उरली नाही. यादीतल्या नावाचे नेमके हेच आहे. ते चौकशी थांबवते. माणसाला आकड्याने हाक मारणे मला कधीच पटणार नाही, कारण माणूस नावापेक्षाही मोठा असतो. पण यंत्राच्या दाराला मात्र आकड्यानेच ओळखावे, कारण तिथे नाव हा दुसऱ्याच कुणीतरी दुसऱ्याच कुणासाठी केलेला अंदाज असतो.

तिसरा प्रकार, कुणालाच न कळणारे नाव. टॅली दुसऱ्या प्रोग्रामशी बोलते तेव्हा ठरलेला क्रमांक ९००० असतो. कर सल्लागाराकडे काम करणाऱ्या पोरालाही हा आकडा माहीत असतो. पण लिनक्सवरून जाळे तपासले की ९००० च्या जागी ‘सीएसलिसनर’ असे काहीतरी उमटते. आपल्या दुकानातला सगळ्यात मोलाचा दरवाजा, आणि त्याच्यावर आपल्याला अनोळखी असलेल्या माणसाची पाटी. परभणीतल्याच एका आस्थापनेत मला फायरवॉलची छापील यादी दाखवण्यात आली होती. त्यात बाहेरून उघडे असलेले एक नाव होते, ‘आयआरडीएमआय’. हे काय आहे असे विचारल्यावर उत्तर मिळाले, आतले काहीतरी असेल, आधीपासून आहे, हात लावला नाही. आकडा काढून पाहिला तर ८००० होता, आणि ८००० वर त्यांच्याच कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर बसलेला होता. पासवर्ड कारखान्यातून आला तोच. यादी दोन वर्षे फाइलला लावलेली होती, सही-शिक्क्यासह. ‘८०००’ असे छापले असते, तर कॅमेरे बसवणाऱ्या मुलानेच लगेच सांगितले असते की हा तर डीव्हीआरचा नंबर.

कॅमेऱ्यांचा विषय निघालाच आहे तर मिराईची आठवण करून देतो. २०१६ मध्ये या प्रोग्रामने जगभरचे लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्यांच्याकडून त्या वर्षी २१ ऑक्टोबरला डिन या कंपनीवर असा मारा झाला की अमेरिकेत मोठमोठ्या वेबसाइट उघडेनात. मिराई दोन क्रमांक ठोठावत फिरत होता, २३ आणि २३२३. पहिल्याचे नाव टेलनेट, म्हणजे निदान ओळखीचे. दुसऱ्याचे नोंदीतले नाव ‘३डी-एनएफएसडी’. या नावावरून कुणालाही टेलनेटची शंका येणार नाही. २३२३ हा आकडा मात्र स्वतःच सांगतो की हा २३ चाच भाऊ असावा.

महाराष्ट्रातले उदाहरण याहून जवळचे आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा उपद्रव युक्रेनमधून पसरला आणि जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. न्हावा शेव्याला कंटेनरच्या रांगा लागल्या. आदल्याच महिन्यात, १२ मे रोजी, वॉनाक्रायने जग हादरवले होते. दोघांनीही एका संगणकातून दुसऱ्यात उडी मारायला विंडोजची ४४५ क्रमांकाची खिडकी वापरली. तिचे यादीतले नाव ‘मायक्रोसॉफ्ट-डीएस’. कंपनीचेच नाव असल्यावर बंद करायची हिंमत कोण करणार? त्या उन्हाळ्यानंतर बातम्यांनी मात्र ‘४४५ बंद करा’ असेच सांगितले, कारण संकटात सगळे जग आकड्यावर येते. दुरुस्ती सांगताना आकडा, नोंद घेताना आकडा, आणि रोजच्या पाहणीत मात्र नाव, हे कसे चालेल?

नोंदीचा मुद्दा नीट समजून घ्या. लिनक्सची फायरवॉल अडवलेल्या पाकिटाची नोंद करते, तेव्हा ती पोर्टचा आकडाच लिहिते. म्हणजे एका कागदावर आकडे आणि नियमांच्या कागदावर नावे. रात्री अकरा वाजता गडबड झाली की माणसाने हे दोन कागद समोरासमोर धरून मनातल्या मनात भाषांतर करायचे. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचे असते आणि नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. सहा तासांच्या घाईत भाषांतरासाठी वेळ कुठून आणायचा?

शिवाय ही नावे सगळीकडे सारखी नाहीत. ८०८० हा क्रमांक डेबियन कुळातल्या लिनक्सवर ‘एचटीटीपी-आल्ट’ म्हणून दिसतो आणि रेड हॅट कुळात ‘वेबकॅश’ म्हणून. नांदेडच्या जाणकाराने फोनवर विचारले, आठ हजार ऐंशी उघडा आहे का, तर परभणीतला मुलगा यादी बघून प्रामाणिकपणे सांगेल, नाही, इथे वेबकॅश नावाचे काहीतरी आहे.

आता दुसरी बाजू. नावांच्या बाजूने बोलणारे काही चुकीचे बोलत नाहीत, त्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे.

ते म्हणतात, नवशिक्याला आकडे आठवत नाहीत. मला हे आपल्या लोकांना कमी लेखणे वाटते. ज्या जिल्ह्यात शेतकरी सात-बारा आणि आठ-अ रोज बोलतो, खताच्या दुकानात १०:२६:२६ मागतो, आपल्या कृषी विद्यापीठाचे सोयाबीन एमएयूएस ७१ म्हणून ओळखतो, तिथे दहा-बारा आकडे पाठ करणे अवघड कसे? २२, २५, ५३, ८०, ४४३, ४४५, ३३०६, ३३८९, ८०८०. एवढे आले की रोजचे बहुतेक काम भागते. उलट नावेच अवघड आहेत. ‘केआरबी५२४’ किंवा ‘आयआरडीएमआय’ ही इंग्रजी लघुरूपे आहेत. उर्दू माध्यमातून आलेला मुलगा, मराठी माध्यमातून आलेली मुलगी, दोघांनाही ती सारखीच परकी. ४४३ मात्र दोघांनाही सारखाच वाचता येतो. ज्यांचे इंग्रजी चांगले त्यांनाच यादी कळावी, अशी व्यवस्था आपण आपल्या हाताने का करावी?

ते असेही म्हणतात की आकडासुद्धा सत्य सांगत नाही, ४४३ वर कुणीही काहीही चालवू शकतो. हे अगदी खरे आहे. पण आकडा तसा दावाच करत नाही. तो फक्त म्हणतो, ही खिडकी क्रमांक ४४३. आत कोण बसले आहे ते जाऊन बघा. आणि बघण्याची सोय आहेच. विंडोजवर नेटस्टॅटला ‘-एएनओ’ जोडले की आकड्यासमोर प्रोग्रामचा ओळख क्रमांक येतो. लिनक्सवर एसएसला ‘-पी’ जोडले की प्रोग्रामचे नावच येते. हे नाव खरे कामाचे, कारण ते जुन्या फाइलमधून न येता चालू असलेल्या प्रोग्रामवरून येते.

तिसरे म्हणणे, नियम लिहिताना नाव सोयीचे पडते. लिहिताना वापरा, माझी हरकत नाही. पण त्यातही खाच आहे. उबुंटूच्या यूएफडब्ल्यू या साधनाला ‘एसएसएचला परवानगी दे’ असे सांगितले की ते २२ उघडते. एखाद्याने सुरक्षेसाठी एसएसएच २२ वरून २२२२ वर नेले असेल, तर नावाने दिलेली परवानगी रिकाम्या खिडकीला मिळते आणि खरी खिडकी बंद राहते. दुरून काम करणारा स्वतःच बाहेर अडकतो. तरी या साधनाचा एक गुण घेण्यासारखा आहे. नियमांची स्थिती विचारली की ते २२ असा आकडा दाखवते. नाव ऐकून घेते, पण उत्तर आकड्यात देते. एनएफटी या नव्या साधनानेही हीच वाट धरली. सुरुवातीला ते नावे छापत असे, पुढे आकडे हीच नेहमीची रीत झाली आणि नावे हवी असतील तर ‘-एस’ जोडून मागावी लागतात. जुन्या आयपीटेबल्समध्ये मात्र अजूनही ‘-एन’ आपणच आठवणीने जोडावे लागते. ते विसरले तर आणखी एक त्रास होतो. ते साधन पत्त्यांचीही नावे शोधत बसते, आणि नावे सांगणारी डीएनएस सेवाच बंद असेल तर पडदा मिनिटामिनिटाला एक ओळ पुढे सरकतो. जाळे बिघडलेले असताना यादी सर्वांत जास्त हवी असते आणि नेमकी तेव्हाच ती येत नाही.

म्हणून माझी विनंती दोन प्रकारच्या लोकांना आहे. जे शिकवतात, मग ते आयटीआयमध्ये असोत, तंत्रनिकेतनात असोत की स्टेशन रोडच्या खासगी क्लासमध्ये, त्यांनी पहिल्याच दिवसापासून ‘-एन’ ची सवय लावावी. फळ्यावर आधी आकडा लिहावा, मग त्याची नोंदणी कुणाच्या नावे आहे ते सांगावे, आणि मग आज इथे कोण बसले आहे ते कसे शोधायचे ते दाखवावे. हा क्रम मोडू नये.

आणि जे दुकान, शाळा, दवाखाना, मदरसा किंवा पतसंस्था चालवतात, त्यांनी आपल्या संगणकवाल्याकडून एक पान मागावे. मराठीत, उर्दूत, ज्या भाषेत तुम्ही हिशेब ठेवता त्या भाषेत. पानावर पाच रकाने असावेत. पोर्टचा आकडा, त्यावर प्रत्यक्ष चालणारा प्रोग्राम, तो बाहेरच्या जगाला उघडा आहे की फक्त आतल्या संगणकांना, कुणाच्या सांगण्यावरून उघडला, आणि कोणत्या तारखेला. ज्या आकड्यासमोर दुसरा किंवा चौथा रकाना भरता येत नाही, तो दरवाजा त्याच दिवशी बंद करायला सांगावा. कुणाचे काही अडले तर तो स्वतःहून ओरडत येईल, आणि मग त्याचे नाव चौथ्या रकान्यात लिहून दरवाजा पुन्हा उघडता येईल.